वॉट कमी, बटणे जास्त: छतात बसणाऱ्या एलईडी दिव्यांचे परीक्षण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील नव्या इमारतींत घराचा ताबा मिळाला की फर्निचरच्या आधी पीओपीवाला येतो, आणि त्याच्या पाठोपाठ इंटिरियर करणाऱ्याने काढलेला छताचा नकाशा येतो, ज्यात एकट्या दिवाणखान्यात आठ ते बारा गोल चिन्हे असतात. ही चिन्हे म्हणजे छतात बसवायचे दिवे. त्यांची संख्या बहुधा छताच्या नक्षीला शोभेल अशी ठरते, उजेडाचा हिशोब क्वचितच कोणी मांडतो, आणि विजेच्या बिलाचा विषय ‘सगळे एलईडीच आहेत, काळजी नको’ या एका वाक्यात संपतो. आमच्या दोन शयनगृहांच्या घरासाठी दिवे घेताना नौपाड्यातील विद्युत साहित्याच्या एका जुन्या दुकानातून चार प्रकारचे नमुने आणून, ते तात्पुरते जोडून पाहून, मग खरेदी केली. हे परीक्षण त्या चार प्रकारांचे आणि काही अंशी त्या दुकानाचे आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या यादीत उत्तम आणि सुमार असे दोन्ही दिवे शेजारी-शेजारी असतात आणि मॉडेलची नावे सतत बदलत राहतात. पाकिटावरचे आकडे वाचता आले की नावाची फारशी गरज उरत नाही.

माझे मत आधीच सांगतो. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्या दर्जाच्या दोन दिव्यांमधला वीजवापराचा फरक लहान असतो. घराच्या बिलावर त्याहून मोठा परिणाम होतो तो छतात किती दिवे बसवले आणि एका बटणावर किती जोडले याचा. ‘एलईडी म्हणजे बचत’ हे समीकरण २०१५ साली सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या सरकारी उजाला योजनेच्या काळात आपल्याकडे पक्के झाले आणि तेव्हा ते खरेही होते, कारण साठ वॉटचा तारेचा बल्ब काढून तिथे नऊ वॉटचा एलईडी लागत होता. छतातल्या दिव्यांच्या बाबतीत मात्र हिशोब उलटा होऊ शकतो. नौपाड्यातल्या किंवा पाचपाखाडीतल्या जुन्या घरात सगळा दिवाणखाना एका ट्यूबलाइटवर उजळत असे, आणि चोकसकट ती पन्नास वॉटच्या आसपास वीज घेई. त्याच आकाराच्या खोलीत आता १५ वॉटचे आठ दिवे एका बटणावर लावले, तर १२० वॉट होतात. दिवे ‘ऊर्जाबचत करणारे’ आणि वापर दुपटीहून जास्त, असा हा प्रकार आहे.

म्हणून पाकीट हातात घेतल्यावर पहिल्यांदा लुमेन पाहावेत, वॉट नंतर. वॉट म्हणजे दिवा किती वीज घेतो, लुमेन म्हणजे किती उजेड देतो. लुमेनला वॉटने भागले की दिव्याची खरी कार्यक्षमता कळते. आणलेल्या नमुन्यांपैकी १२ वॉटच्या एका दिव्यावर ९६० लुमेन लिहिले होते, दुसऱ्यावर १२००. म्हणजे पहिला वॉटमागे ८० लुमेन देतो, दुसरा १००, आणि या दुसऱ्यासारख्या दिव्याकडून पहिल्याइतकाच उजेड हवा असेल तर ९.६ वॉट पुरतात. ज्या पाकिटावर लुमेनचा आकडाच नाही, तो दिवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, वीजबचतीचे तारे बल्बच्या खोक्यावर दिसतात, पण छतात बसणाऱ्या पॅनेलवर ते सहसा आढळत नाहीत, त्यामुळे हा भागाकार ग्राहकालाच करावा लागतो.

मात्र या भागाकाराच्या आहारी जाऊन सर्वांत मोठा आकडा असलेला दिवा उचलणेही योग्य नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ज्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले, त्याच्यावर फॉस्फर या, प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पिवळसर पदार्थाचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवतात. प्रकाश जितका उबदार हवा, तितका निळ्याचा अधिक भाग फॉस्फरकडून दुसऱ्या रंगांत बदलून घ्यावा लागतो आणि त्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी छटा निळसर. त्यामुळे त्याच दिव्याच्या ६५०० केल्विनच्या, म्हणजे कूल डे-लाइट आवृत्तीचे लुमेन ३००० केल्विनच्या वॉर्म व्हाइटपेक्षा थोडे जास्त भरतात. रंग खरे दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, ८० वरून ९० च्या वर नेली तरी लुमेन घटतात. कागदावर सर्वांत कार्यक्षम ठरणारा दिवा हा अशा रीतीने निळसर आणि रंगांच्या बाबतीत बेताचा असू शकतो, आणि त्याच्याखाली वाढलेले वरण फिकट दिसते. आमच्या घरी दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात ४०००, शयनगृहांत ३००० केल्विन अशी विभागणी केली आणि जेवणाच्या टेबलावर ९० सीआरआयचे दिवे घेतले. या आवडीपायी जी काही वीज जास्त जाते, ती नगण्य आहे.

आता चार प्रकारांकडे वळतो. पहिला, सर्वाधिक खपणारा आणि सर्वांत पातळ, कडेने प्रकाश सोडणारा स्लिम पॅनेल. यात एलईडीची पट्टी गोल कडेला असते आणि मधल्या पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीतून प्रकाश खाली वळवला जातो. जाडी इंचभर असल्याने स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यात जेमतेम जागा असेल तिथे तो सोयीचा आहे. परंतु चकतीतून वळताना काही प्रकाश वाया जातो, आणि हलक्या प्रतीच्या दिव्यात ही चकती कालांतराने पिवळी पडते. वीज तेवढीच जाते, उजेड मात्र कमी होत राहतो. पावसाळ्यात खाडीच्या बाजूच्या घरांत पंखवाले किडे झाकणाच्या फटीतून आत शिरतात आणि दुधी पडद्यावर कायमचे काळे ठिपके उमटतात, हाही अनुभव या प्रकाराबद्दल शेजारच्या इमारतींतून ऐकू येतो.

दुसरा प्रकार मागून प्रकाश देणारा, ज्याला दुकानात बॅक-लिट म्हणतात. एलईडी थेट पडद्याच्या मागे असतात, त्यामुळे प्रकाशाला वळसा घालावा लागत नाही. दोन्ही नमुने एकाच १२ वॉटचे असूनही वर सांगितलेले १२०० लुमेन याचे होते आणि ९६० स्लिम पॅनेलचे. जाडी दीड ते दोन इंच लागते, एवढाच काय तो अडसर. आम्ही घरभर मुख्यतः हाच बसवला, आणि छतात जागा असेल तर इतरांनीही हाच घ्यावा असे माझे मत आहे.

तिसरा प्रकार कॉब. यात सगळे एलईडी एका बारीक ठिपक्यात एकवटलेले असतात आणि प्रकाशाचा झोत २४, ३६ किंवा ६० अंशांचा असतो. भिंतीवरचे चित्र, देवघर, जेवणाचे टेबल यांच्यासाठी तो सुंदर आहे. खोल बसणारा घेतला तर डोळ्यांवर येत नाही. पण सबंध खोली उजळण्यासाठी कॉब वापरण्याची जी पद्धत पडली आहे, ती विजेच्या दृष्टीने चुकीची वाटते. अरुंद झोतामुळे जमिनीवर उजेडाची बेटे तयार होतात, मधला अंधार भरून काढायला आणखी कॉब लागतात, आणि सात-सात वॉट करत आकडा शंभरीपार जातो.

चौथा, थ्री-इन-वन. बटण बंद करून पुन्हा चालू केले की उबदार, मधला आणि थंड असे रंग आळीपाळीने बदलतात. दुकानात दाखवायला हा सर्वांत आकर्षक आणि घरात सर्वांत त्रासदायक. एका बटणावर सहा दिवे असतील तर बटण घाईने दाबल्यावर काही दिवे पुढच्या रंगावर जातात आणि काही मागेच राहतात, मग सगळ्यांना एका रंगावर आणण्यासाठी कसरत करावी लागते. शिवाय उबदार किंवा थंड प्रकाशात आतले निम्मेच एलईडी काम करतात, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांचे पैसे बहुतेक वेळ पडून राहतात. एकच दिवा असलेल्या लहान खोलीत चालेल, दिवाणखान्यात नको.

या चारही प्रकारांत दिवा बंद पडतो तेव्हा एलईडी सहसा शाबूत असतो, निकामी होतो तो ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टची वीज एलईडीला मानवेल अशा स्थिर प्रवाहात बदलणारी छोटी डबी. तिच्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने वाळतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यातल्या वरच्या मजल्यावरील स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो आणि त्याच्याखालच्या बंद पोकळीत वारा नसतो. तिथे ड्रायव्हरला काय सोसावे लागते याची कल्पना पाकिटावरच्या ‘२५,००० तास’ या आकड्यात नसते. तो आकडा बहुधा एलईडीचा असतो, आणि त्याचाही अर्थ एवढाच की तेवढ्या तासांनी मूळ उजेडाच्या ७० टक्के उजेड उरेल. म्हणून ड्रायव्हर दिव्याच्या आत चिकटवलेला नसावा, तो वायरने जोडलेला वेगळा असावा आणि त्याच मापाचा सुटा मिळावा, ही अट मी लुमेनइतकीच महत्त्वाची मानतो. दिव्याचे अंग अॅल्युमिनियमचे असेल तर उष्णता लवकर बाहेर जाते. निव्वळ प्लास्टिकचे अंग स्नानगृहातल्या पाच-सहा वॉटच्या दिव्यापुरते ठीक. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हाचे धक्के सोसण्यासाठी सर्ज संरक्षण निदान अडीच किलोव्होल्टचे, आणि शक्य असल्यास चार किलोव्होल्टचे पाहावे. पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, ०.९ च्या वर असणे हे चांगल्या ड्रायव्हरचे लक्षण आहे, मात्र त्यामुळे घरगुती बिल कमी होते असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. आपले युनिट किलोवॉट-तासांत, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवरच मोजले जाते.

ड्रायव्हर हलका असला की प्रकाश डोळ्यांना न दिसेल असा थरथरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो-मोशन लावून पेटलेल्या दिव्याकडे धरले की अशा दिव्याखाली पट्टे सरकताना दिसतात. नौपाड्याच्या त्या दुकानाचे मला सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य हे की तिथे दिवा जोडून पाहायला एक उघडा बोर्ड आहे आणि ग्राहक कॅमेरा काढून उभा राहिला तरी मालकांच्या कपाळावर आठी पडत नाही. ‘साहेब, हा घेऊ नका, याचा ड्रायव्हर सुटा मिळत नाही’ हे वाक्य त्यांनी आपणहून उच्चारले. मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात घाऊक भावाने माल कमी किमतीत मिळतो हे खरे, परंतु तिथल्या गर्दीत चार दिवे जोडून पाहणे आणि पसंत न पडलेले परत करणे अवघड जाते. वाशीच्या सेक्टर १७ मधील दुकानांत मांडणी देखणी आहे, पण मी पाहिलेल्या ठिकाणी सगळे दिवे एकदमच पेटवून ठेवले होते, आणि चाळीस दिव्यांच्या झगमगाटात एका दिव्याचा उजेड जोखता येत नाही. नौपाड्यातल्या दुकानाची उणीव एवढीच की ९० सीआरआयचा माल तिथे मागणी नोंदवल्यावरच येतो, आणि मालकांच्या मते ‘घरात एवढे कोण बघतो’.

खरेदीच्या वेळी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी तपासणे सोपे आहे. छतात बसणाऱ्या एलईडी दिव्यांसाठी आयएस १०३२२ आणि ड्रायव्हरसाठी आयएस १५८८५ हे मानक असते, आणि त्यासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की कोणत्या उत्पादकाला तो मिळाला आहे हे दिसते. खोक्यावर एक नाव आणि अॅपमध्ये भलतेच उत्पादन असेल, तर खोके मुकाट्याने परत ठेवावे.

आता संख्येविषयी, कारण बचतीचा खरा गाभा तिथे आहे. आमचा दिवाणखाना दहा बाय सोळा फुटांचा, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर आहे. दिव्यांतून निघालेल्या उजेडापैकी भिंती आणि पडदे यांच्यात विरून साधारण निम्मा उजेड कामाचा उरतो असे धरले, तर ४८०० लुमेनमधून १६० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर १६० लुमेन मिळतात. गप्पा, टीव्ही, पाहुणे यांसाठी एवढे पुष्कळ झाले. वॉटमागे १०० लुमेन देणारे १२ वॉटचे चार किंवा ८ वॉटचे सहा दिवे हे काम करतात आणि दोन्ही वेळा बेरीज ४८ वॉट येते. आम्ही ८ वॉटचे सहा घेतले, कारण उजेड अधिक समान पसरतो आणि ते दोन-दोनच्या जोड्यांत तीन बटणांवर वाटता येतात. टीव्ही पाहताना एकच जोडी, म्हणजे १६ वॉट चालू असतात. या तीन बटणांसाठी वायरमन जास्तीच्या पॉइंटचे पैसे घेतो आणि इंटिरियरवाल्याला बोर्ड मोठा झाल्याचे वाईट वाटते, परंतु छत बंद होण्यापूर्वी ओढलेली ही वायर कोणत्याही पंचतारांकित दिव्यापेक्षा जास्त वीज वाचवते. वाचनाच्या खुर्चीशेजारी वेगळा दिवा ठेवावा. त्या एका कोपऱ्यासाठी सबंध खोली तीनशे लक्सने उजळण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात मात्र ओट्यावर तीनशेच्या आसपास लक्स लागतातच. तिथे खोलीच्या मधोमध दिवा बसवला तर चिरणाऱ्याची सावली विळीवर पडते, म्हणून दिव्यांची ओळ ओट्याच्या कडेवर किंवा वरच्या कपाटांच्या खाली हवी.

दिव्यांच्या जागा ठरवताना पंखा विसरला जातो. छतातला दिवा पात्यांच्या वर असतो, आणि पॅनेलचा प्रकाश ११० ते १२० अंशांत पसरत असल्याने जवळचा दिवा फिरत्या पात्यांमधून चिरला जाऊन सगळी खोली फडफडू लागते. डोके दुखते आणि दोष दिव्याला दिला जातो. नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोहोचतो. पाती छताच्या फूटभर खाली असतील, तर पॅनेल पंख्याच्या मध्यापासून चार फुटांच्या आसपास दूर असावा लागतो. एवढी जागा नसेल तिथे ३६ अंशांचा कॉब बसवावा, कारण त्याचा झोत पात्यांपर्यंत पसरत नाही. कॉबचा मला पटलेला हा आणखी एक उपयोग.

जुन्या घरांत छतामध्ये सीएफएलसाठी पाडलेली सहा ते आठ इंचांची भोके असतात. त्यांत भोकाच्या मापाने नवा दिवा घेतला की नाइलाजाने १८ किंवा २२ वॉटचा येतो आणि उजेड डोळ्यांवर येतो. मागची क्लिप सरकवता येणारे, कमी वॉटचे पण रुंद चकतीचे पॅनेल मिळतात. ते वापरावेत, नाहीतर पीओपी भरून घ्यावे.

पैशांचा हिशोब असा. १५ वॉटचे आठ दिवे रोज पाच तास लागले तर महिन्याला १८ युनिट होतात. ८ वॉटचे सहाही दिवे तेवढाच वेळ लागले तर ७.२. फरक जवळजवळ अकरा युनिटांचा. महावितरणच्या टप्प्यांमुळे वाचलेले युनिट बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते, म्हणून ते सरासरी दरापेक्षा महाग धरायला हवे. दहा रुपये धरले तरी एका खोलीचे महिन्याला शंभराहून अधिक रुपये वाचतात. याच घरात ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा लावला आणि तो रोज बारा तास फिरला, तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. दिव्याच्या वॉटमागच्या ८० आणि १०० लुमेनवर दुकानात अर्धा तास वाद घालणाऱ्याने आधी वरचा पंखा पाहिलेला बरा.

बसवताना दोन गोष्टी वायरमनच्या नजरेस आणून द्याव्यात. बटणातून फेज जायला हवी, न्यूट्रल नव्हे. आणि लाल इंडिकेटर असलेले बटण दिव्यांना लावू नये, कारण त्यातून झिरपणाऱ्या किंचित प्रवाहावरही एलईडी रात्रभर मंद मिणमिणतो. स्नानगृहात आयपी ४४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा दिवाच हवा. नेहमीचे पॅनेल आयपी २० चे असतात आणि गिझरच्या वाफेला टिकत नाहीत. जुन्या पद्धतीचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे बटण, मंद होण्याची सोय नसलेल्या ड्रायव्हरला जोडला तर दिवा गुणगुणतो किंवा लुकलुकतो.

दोन दिवे आणि दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन ठेवावेत, आणि दिवे त्याच खोक्यातले असावेत, कारण पुढच्या खेपेला आलेल्या ४००० केल्विनच्या मालाची पांढरी छटा शेजारच्या दिव्याशी जुळेलच असे नाही. बिल जीएसटीसहित पक्के घ्यावे. २०२२ च्या जुलैपासून या दिव्यांवर १२ ऐवजी १८ टक्के कर लागतो, आणि तो वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या दिव्याच्या दोन वर्षांच्या वॉरंटीला कोणी विचारत नाही. नौपाड्याच्या दुकानात बिलावर प्रत्येक मॉडेलचा क्रमांक लिहून देतात आणि वॉरंटीत बंद पडलेला दिवा ड्रायव्हरसकट आणायला सांगतात, तेव्हा उतरवताना वायरमनने वायर कापून ड्रायव्हर छतातच सोडून दिला नाही ना, हे खाली उभे राहून पाहावे.